‘दोन, आठ, एक’मागचा माणूस : नील्स बोर

सातिवली (वसई) : सोडियम म्हटलं की दोन, आठ, एक आणि क्लोरीन म्हटलं की दोन, आठ, सात. सातिवलीत कारखान्यांच्या गाळ्यांशेजारी राहणारी शाळकरी मुलंही हे पाठ करतात. अणूतले इलेक्ट्रॉन असे कवचांत मांडलेले असतात, हे समजून घेण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या नील्स बोर यांचा १८ नोव्हेंबर हा स्मृतिदिन.

बोर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ रोजी डेन्मार्कमधील कोपनहेगन इथे झाला. वडील प्राध्यापक, धाकटा भाऊ हॅराल्ड गणिती आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारा फुटबॉलपटू. १९१२ मध्ये बोर मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्याकडे गेले. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं हे रदरफोर्ड यांनी नुकतंच दाखवलं होतं. मग भोवतीचे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून त्यात कोसळत कसे नाहीत? १९१३ मध्ये बोर यांनी मांडलं, की इलेक्ट्रॉनला ठरावीक कक्षाच मोकळ्या असतात. एकीतून दुसरीत उडी मारताना तो प्रकाश सोडतो किंवा शोषतो. हायड्रोजनच्या प्रकाशरेषांचा हिशेब यातून जुळला.

खरी कसोटी पुढे लागली. ७२ क्रमांकाचं मूलद्रव्य तेव्हा सापडायचं होतं. ते दुर्मिळ मृदा गटातलं असेल, असं अनेकांना वाटायचं. बोर यांच्या मांडणीनुसार तो गट ७१ वरच संपत होता. ७२ च्या अणूत बाहेरचे चार इलेक्ट्रॉन झिर्कोनियमसारखेच असायला हवे होते. १९२२ मध्ये पॅरिसहून उलटा दावा आला आणि खुद्द बोरही डळमळले. पण त्यांच्याच संस्थेतल्या कोस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कोनियमच्या खनिजात शोध घेतला आणि ७२ तिथेच निघालं! ही बातमी बोर नोबेल घ्यायला स्टॉकहोममध्ये असताना त्यांच्यापर्यंत पोहोचली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याला हाफ्नियम म्हणतात.

इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे ठरलेल्या वाटेने फिरत नाहीत, हे पुढे स्पष्ट झालं. बोर यांचं चित्र बदललं, पण कवचांचा हिशेब टिकला.

आई ज्यू घराण्यातली असल्याने १९४३ मध्ये नाझींच्या तावडीतून ते बोटीने स्वीडनला निसटले. पुढे अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात त्यांनी सल्ला दिला. मात्र १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांना खुलं पत्र लिहून देशांनी एकमेकांपासून लपवाछपवी करू नये, असा आग्रह धरला. १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कोपनहेगनच्या संस्थेत होमी भाभा यांनीही काही काळ काम केलं होतं. आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. तिथल्या इंधनकांड्यांचं आवरण झिर्कोनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि त्यातून हाफ्नियम काढून टाकावंच लागतं, कारण ते न्यूट्रॉन गिळतं. ही दोन मूलद्रव्यं वेगळी करणं मात्र भलतंच जिकिरीचं. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी सारखी, म्हणून वागणंही सारखं. बोर यांनी नेमकं हेच सांगितलं होतं.