विश्लेषण : कायद्याने ओस पाडलेली घरे आणि एकच कादंबरी लिहिणारे लुई चू

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधले एक तळघर. तिथे माजाँगचा अड्डा चालतो. रोज जमणारे पुरुष पन्नाशी-साठीचे, सगळे लग्न झालेले, आणि त्यांच्या बायका हजारो मैलांवर चीनमधल्या खेड्यांत. लुई चू यांच्या ‘ईट अ बोल ऑफ टी’ या १९६१ च्या कादंबरीतले हे जग आहे. चिनी-अमेरिकी साहित्याच्या अभ्यासात आज या कादंबरीला वगळता येत नाही. चू हयात असताना मात्र तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते.

हे पुरुष एकटे का होते?

१८८२ मध्ये अमेरिकेने चायनीज एक्स्क्लुजन अ‍ॅक्ट करून चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. व्यापारी, विद्यार्थी अशा मोजक्या लोकांना सूट होती. चिनी स्त्रियांची वाट त्याआधीच, १८७५ च्या पेज अ‍ॅक्टने अरुंद झाली होती. १८९० च्या जनगणनेचे आकडे पुरेसे बोलके आहेत. अमेरिकेत चिनी पुरुष सुमारे १ लाख ३ हजार होते आणि चिनी स्त्रिया चार हजारांहूनही कमी. म्हणजे एका स्त्रीमागे जवळपास २७ पुरुष! लाँड्रीत किंवा रेस्तराँत राबायचे, गावी पैसे पाठवायचे, जमले तर काही वर्षांनी एक फेरी मारायची, हाच अनेकांचा संसार. १९२४ च्या कायद्याने बायकोला आणणे आणखी कठीण केले.

नेमक्या त्याच वर्षी नऊ वर्षांचे लुई चू अमेरिकेत आले. त्यांचा जन्म १९१५ चा, दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातल्या तोइशान भागातला. अमेरिकेतल्या त्या काळच्या चिनी वस्त्यांमधले बहुसंख्य लोक याच भागातून आलेले. चू न्यू जर्सीत वाढले, अप्साला कॉलेजातून १९३७ मध्ये पदवीधर झाले आणि पुढे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून एम.ए. झाले. तिथल्या प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला न्यूयॉर्कमधल्या चिनी रेस्तराँचा. कादंबरीतला वेटर नायक पाहिला की हा विषय किती जवळचा होता ते कळते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्करात होते.

युद्धात चीन मित्रराष्ट्र झाला, तेव्हा १९४३ मध्ये बंदी उठली. पण वर्षाला फक्त १०५ चिनी लोकांना प्रवेश, असा कोटा ठेवला गेला. खरा फरक पडला तो १९४५ चा वॉर ब्राइड्स अ‍ॅक्ट आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे. लष्करात गेलेले चिनी-अमेरिकी तरुण आता गावी जाऊन लग्न करून बायकोला सोबत आणू शकत होते.

कादंबरी इथूनच सुरू होते. बेन लॉय हा तरुण वेटर लष्करातून परतलेला आहे. अड्डा चालवणारे वा गे हे त्याचे वडील. त्यांचे जुने स्नेही ली गाँग यांची मुलगी मेई ओई चीनमध्ये आहे. दोन्ही मित्र व्याही होतात आणि सून न्यूयॉर्कला येते. साऱ्या चायनाटाउनचे डोळे आता नातवाकडे लागतात. पण न्यूयॉर्कला परतल्यावर बेन लॉय पत्नीशी शरीरसंबंध ठेवू शकत नाही. एकाकी मेई ओई आ साँग नावाच्या माणसात गुंतते, तिला दिवस जातात आणि गोष्ट चव्हाट्यावर येते. संतापलेले वा गे आ साँगचा कान कापतात. प्रकरण पोलिसांपर्यंत जाते, तरी निवाडा चायनाटाउनची स्वतःची संघटनाच करते. दोन्ही बापांना तोंड लपवून शहर सोडावे लागते. नवराबायको सॅन फ्रान्सिस्कोला जातात. तिथल्या वैद्याचा कडू काढा म्हणजेच शीर्षकातला चहा.

सांगताना हे सगळे शोकांतिकेसारखे वाटेल. प्रत्यक्षात कादंबरी भरपूर हसवते. अड्ड्यावरची म्हातारी मंडळी एकमेकांना मनसोक्त शिव्या घालतात, खोट्या प्रतिष्ठेसाठी धडपडतात. ज्या बापाने स्वतः कित्येक वर्षे बायकोचे तोंड पाहिलेले नाही, तोच मुलाच्या संसाराचा हिशेब मागतो. कायद्याने एका पिढीचे काय केले हे चू कुठेही भाषण न देता दाखवतात.

ही माणसे त्यांना रोज भेटत होती. १९५० च्या दशकात ते रेडिओवर ‘चायनीज फेस्टिव्हल’ हा कार्यक्रम सादर करत. सू युएन या कुलसंघटनेचे ते कार्यकारी सचिव होते आणि पुढे न्यूयॉर्क शहराच्या समाजकल्याण खात्यात काम करत होते. त्यामुळेच बहुधा त्यांची पात्रे तोइशानच्या बोलीतल्या म्हणी आणि शिव्या जशाच्या तशा इंग्रजीत आणून बोलतात. त्या वेळच्या काही समीक्षकांना ही भाषा ओबडधोबड वाटली. पर्यटकांना दाखवायच्या गोड, रंगीत चायनाटाउनची सवय झालेल्या वाचकांना ती रुचणे अवघडच होते.

चू यांनी दुसरी कादंबरी प्रकाशित केली नाही. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी फ्रँक चिन, जेफ्री पॉल चॅन, लॉसन इनाडा आणि शॉन वाँग या तरुण लेखकांनी आशियाई-अमेरिकी लेखनाचा ‘आइईई!’ हा संग्रह काढला. त्यात त्यांनी चू यांच्या कादंबरीतला भाग घेतला आणि समीक्षकांना खटकलेल्या त्याच भाषेचे कौतुक केले. १९७९ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन प्रेसने कादंबरी पुन्हा छापली आणि १९८९ मध्ये वेन वाँग यांनी तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला.