आरसा नसलेला कॅमेरा आणि रुडकीचा इंजिनिअर

फुल फ्रेम मिररलेस घ्यावा की जुन्याच डीएसएलआरवर भागवावं, हा वाद हॉस्टेलला नवा नाही. मेस बंद होते, लाइट जाते, वाद काही संपत नाही. त्या वादात मला दर वेळी एक माणूस आठवतो. तोही आपल्यासारखाच इंजिनिअरिंग शिकला, सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागला आणि शेवटी निजामाचा फोटोग्राफर झाला. राजा दीनदयाळ! नांदेड-लातूर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होतं, तेव्हा या माणसावर आपलाही थोडा हक्क आहेच.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. घराणं जैन, धंदा जवाहिऱ्याचा. पण पोरगा गेला रुडकीच्या थॉमसन कॉलेजात, सिव्हिल शिकायला. १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. म्हणजे दिवसभर नकाशे आणि खर्चाचे अंदाज. कॅमेरा हातात आला तो त्यानंतर सात-आठ वर्षांनी, तिशीच्या घरात. आपल्याकडे सेकंड इयरलाच लेन्स नाही म्हणून रडणारे आहेत, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

त्यांच्या इमारतींच्या फोटोत ड्राफ्ट्समन स्पष्ट दिसतो, असं माझं मत आहे. खांब सरळ उभे, रेषा कुठे कोसळत नाहीत, उजेड असा निवडलेला की दगडाची खोली कळावी. १८८२ मध्ये सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात फिरले. तिथल्या वास्तूंचे फोटो १८८६ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. मग नोकरी सुटली, सिकंदराबादला स्टुडिओ निघाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर केलं, राजा मुसव्विर जंग हा किताब दिला. १८९२ मध्ये पडदानशीन बायकांसाठी हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढणारी बाईच. १८९६ ला मुंबईत स्टुडिओ, १८९७ ला राणी व्हिक्टोरियाची सनद. धंद्याचं डोकं जवाहिऱ्याचंच होतं म्हणायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. त्यांचा कॅमेरा मिररलेसच होता! लाकडी पेटी, पुढे भिंग, मधे चामड्याचा भाता, मागे घासलेली काच. मधे आरसा नाही, प्रिझम नाही. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं आणि भिंगातून आलेलं चित्र काचेवर उलटं बघायचं. आरसा आला तो पुढे, आणि डीएसएलआरपर्यंत टिकला. २०१३ मध्ये सोनीचा अल्फा ७ आला, २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉनही फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले, तेव्हा आरसा पुन्हा गेला. आता सेन्सरवर पडतं तेच व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या पडद्यावर दिसतं, फोटो उजळ येणार की काळा हे बटण दाबायच्या आधीच कळतं. हा मोठा फायदा. दुसरा असा, की आरशाला जागा ठेवायची गरज नाही म्हणून लेन्स सेन्सरच्या जवळ आणता येते. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मि.मी. होतं, नव्यात १६ आहे. लेन्स डिझाइन करणाऱ्याला केवढी मोकळीक!

आणि ज्या फुल फ्रेमचा आपण एवढा तोरा मिरवतो तो किती? ३६ बाय २४ मि.मी., म्हणजे ८६४ चौरस मि.मी. दीनदयाळ यांची १० बाय १२ इंचांची काच घेतली तर साधारण ७७ हजार चौरस मि.मी. भरते. नव्वद पट! हौस म्हणून नव्हे बरं का. तेव्हा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर काच ठेवून उन्हात छापायचे, त्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर कॅमेराही मोठाच.

वेरूळ, दौलताबाद, औरंगाबादचा मकबरा, हे सगळं त्यांनी टिपलं. निजामाच्या मुलखाच्या दृश्यांचा त्यांचा अल्बम १८९२ चा आहे. तेव्हा मनमाड-सिकंदराबाद लाइनही व्हायची होती. काचा, पेटी, तिवई हे सगळं लटांबर घेऊन जायचं आणि एक काच फुटली की एक फोटो गेला. आपला मिररलेस बॅटरीसह पाऊण किलोच्या आसपास. खरोशाच्या लेण्यांत नाहीतर कंधारच्या किल्ल्यात अंधाऱ्या जागी बॉडीतलं स्टॅबिलायझेशन असं काम करतं की तिवई नसली तरी भागतं. पण दुकानदार सांगत नाही ते मी सांगतो. बॉडी हलकी झाली तरी फुल फ्रेमची चांगली टेलीफोटो लेन्स किलोभराच्या पुढेच असते. पडदा सतत चालू, म्हणून बॅटरी तीन-चारशे फोटोंत बसते; चांगला डीएसएलआर हजाराच्या पुढे जायचा. लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडतो, आणि मे महिन्यातली नांदेडची धूळ तुम्हाला माहीत आहे. बॉडी आणि एक बरी लेन्स मिळून लाखाच्या पुढे. दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्याला बॅटरी तरी नव्हती.

मिररलेसचा ज्याला सगळे गुण म्हणतात तो म्हणजे आवाज न करणारा शटर. कीर्तनात, परीक्षेच्या हॉलबाहेर, पक्ष्यांसमोर झकास. पण याच गुणावर माझं मन अडतं, आणि त्याला कारण दीनदयाळ यांचेच काही फोटो आहेत. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या भुकेल्या माणसांचे फोटो त्यांच्या स्टुडिओने काढले. लंगोटी नेसलेली माणसं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, सोबत पोरंही. त्यांना नीट ओळीत बसवलंय, उभं केलंय. ज्या स्टुडिओने निजामाच्या मेजवान्या आणि शिकारी टिपल्या, त्याच स्टुडिओने ही माणसंही टिपली, तितक्याच स्वच्छ फोकसमध्ये. उपाशी माणसाला फोटोसाठी स्थिर राहायला लावणं मला क्रूर वाटतं. तरी एक आहे, कॅमेरा समोर उभा होता, त्या माणसांना तो दिसत होता. ती लेन्सकडे बघताहेत. आज सव्वाशे वर्षांनी आपल्याला नजर चुकवावी लागते.

माझे आजोबा औशाकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत कॅमेरेवाले आले, ते ते अजून सांगतात. काही जण आधी दोन शब्द बोलायचे, काही नुसतेच काढून जायचे. पण क्लिक ऐकू यायचा आणि माणूस तोंड फिरवू शकायचा. नव्या कॅमेऱ्यात तेवढीही सोय राहिलेली नाही. शिवाय त्या मूक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगात पळणारी गोष्ट वाकडी येते. म्हणून माझं म्हणणं, घ्यायचाच असेल तर मिररलेस घ्या, पण माणसांत गेल्यावर मेकॅनिकल शटर चालू ठेवा.

दीनदयाळ १९०५ मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा मुलगा धरमचंद वारला होता, तो धंद्यात सोबत होता. पुढे स्टुडिओची ती शान राहिली नाही. काचा मात्र कुटुंबाने जपल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्या घेतल्या, एकूण २,८५७. २००६ मध्ये पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. दिल्लीला गेट किंवा मुलाखतीच्या निमित्ताने जाणारे बरेच आहेत आपल्यात. कधी या फोटोंचं प्रदर्शन लागलेलं असलं तर फोटो जवळून बघा, नाक टेकेपर्यंत. दगडावरच्या छिन्नीच्या खुणा मोजता येतात.