टॉम किलबर्न: छोट्या मेमरीत मोठा प्रोग्रॅम बसवणारा माणूस

तुमच्या लॅपटॉपमध्ये रॅम आहे ८ जीबी आणि उघडलेले सगळे प्रोग्रॅम मिळून मागतायत १२ जीबी. तरी काम चालू राहतं, फार तर थोडं रखडतं. कारण कर्नल सध्या न लागणारी पानं डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागली की परत आणतो. यालाच आपण स्वॅप म्हणतो. ही कल्पना कागदावर बर्लिनच्या फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युन्टश यांनी १९५६ च्या आसपास आपल्या प्रबंधात मांडली होती. पण ती चालत्या मशीनमध्ये उतरवली मँचेस्टरच्या टॉम किलबर्न आणि त्यांच्या टीमनं. मँचेस्टर म्हटलं की लोकांना ट्युरिंग आठवतो. मशीन बनवणारे किलबर्न मात्र आपल्याकडे पाठ्यपुस्तकातसुद्धा क्वचितच भेटतात.

किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ चा, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या ड्यूजबरी गावचा. केंब्रिजला गणित शिकले, १९४२ मध्ये पदवी घेतली. बाहेर महायुद्ध चालू होतं, त्यामुळे त्यांची रवानगी मॅल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात, फ्रेडी विल्यम्स यांच्या गटात झाली. युद्ध संपल्यावर १९४६ च्या अखेरीस विल्यम्स मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि किलबर्नही त्यांच्यासोबत गेले.

तेव्हा कॉम्प्युटर बनवायचं घोडं अडलं होतं ते मेमरीपाशी. आकडे वेगानं ठेवायचे आणि काढायचे कुठे? या दोघांनी रडारच्या पडद्यात वापरतात तशी कॅथोड रे ट्यूब घेतली. पडद्यावरचा एकेक ठिपका म्हणजे विजेच्या भाराचा एकेक बिट. हा भार क्षणात उडून जातो, म्हणून तो सतत वाचून पुन्हा लिहीत राहायचं. आजच्या डीरॅमचं रिफ्रेशसुद्धा याच तत्त्वावर चालतं. १९४७ संपेपर्यंत एका ट्यूबमध्ये २०४८ बिट राहू लागले. ही मेमरी खऱ्या हिशेबाच्या वेगात टिकते का, हे बघायला त्यांनी जेफ टूटिल यांच्या साथीनं एक छोटं मशीन उभं केलं. त्याचं टोपणनाव 'बेबी'. मेमरी ३२ शब्दांची, प्रत्येक शब्द ३२ बिटांचा, म्हणजे एकूण १२८ बाइट! २१ जून १९४८ ला त्यावर किलबर्न यांनी लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्रॅम चालला. २ च्या १८ व्या घाताचा सर्वात मोठा विभाजक शोधायला त्याला ५२ मिनिटं लागली. मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरवर चालण्याची ही पहिलीच वेळ.

पण खरी डोकेदुखी पुढे सुरू झाली. ट्यूबमध्ये मावतं थोडं, म्हणून १९४९ मध्ये मशीनला चुंबकीय ड्रम जोडला. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर ट्यूब म्हणजे ओटा आणि ड्रम म्हणजे माळा. ओट्यावर हात पटकन पोचतो पण जागा कमी. माळ्यावर जागा भरपूर, पण चढउतार करा. आणि ही चढउतार करायची कुणी? प्रोग्रॅमरनं. गणित सोडवायला बसलेल्या माणसाचा निम्मा जीव कुठला तुकडा कधी खाली आणायचा आणि कुठला वर टाकायचा यातच जायचा. टोनी ब्रूकर यांच्या १९५४ च्या ऑटोकोडनं हे काम सॉफ्टवेअरवर टाकून पाहिलं, आणि लिहिणाऱ्याची सोय झालीही, पण गती घटली.

किलबर्न यांनी हा प्रश्न थेट हार्डवेअरमध्ये सोडवायचं ठरवलं. १९५६ मध्ये सुरू झालेलं हे काम पुढे फेरांटी कंपनीच्या साथीनं 'ॲटलास' झालं. ७ डिसेंबर १९६२ ला त्याचं उद्घाटन झालं. आत १६ हजार शब्दांची कोअर मेमरी, मागे ९६ हजार शब्दांचे ड्रम. प्रोग्रॅमरला मात्र एकच सलग मेमरी दिसायची, जवळपास दहा लाख शब्दांपर्यंतचे पत्ते असलेली.

हे जमायचं कसं? मेमरीचे ५१२ शब्दांचे तुकडे पाडले. हीच ती पेज. कोअरमध्ये अशा ३२ जागा, आणि प्रत्येक जागेला एक रजिस्टर, जे तिथे सध्या कुठलं पेज बसलंय ते सांगतं. प्रोग्रॅमनं पत्ता मागितला की ३२ ही रजिस्टर एकदम तपासली जातात. जुळलं तर पुढे चला. नाही जुळलं तर काम थांबतं आणि सुपरव्हायजर, म्हणजे तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टीम, ड्रमवरून ते पेज मागवते. यालाच आज पेज फॉल्ट म्हणतात. ड्रमला एक फेरी मारायला १२ मिलिसेकंद लागायचे. तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम चालवून घ्यायचा.

मला सगळ्यात आवडतो तो यातला एक व्यवहारी भाग. कोअरमध्ये एक जागा नेहमी रिकामी ठेवलेली असे. नवं पेज आलं की आधी बसवून टाकायचं, आणि बाहेर कुणाला काढायचं याचा विचार ते येत असतानाच करायचा. त्यासाठी एक 'शिकणारा' प्रोग्रॅम होता. हे पेज किती वेळ पडून आहे आणि मागच्या वेळी किती वेळ पडून होतं, यावरून तो निवड करायचा.

लोकांना हे लगेच पटलं असं नाही. हाताशी असलेल्या मेमरीपेक्षा मागणी फार झाली की मशीन नुसती चढउतारच करत बसतं, काम शून्य, हे साठच्या दशकात अनेकांनी अनुभवलं. हुशार प्रोग्रॅमर हातानं जे करतो ते मशीनला जमेल का, यावर वाद रंगले. १९६९ मध्ये आयबीएमच्या डेव्हिड सेयर यांनी मोजमाप करून दाखवलं की जमतं. १९७२ मध्ये आयबीएमनं आपल्या सिस्टीम ३७० वर व्हर्च्युअल मेमरी जाहीर केली आणि वाद संपल्यातच जमा झाला.

लागेल तेव्हाच आणा, हा किलबर्न यांच्या मशीनचा नियम आता पानांपुरता राहिलेला नाही. पानं हलवणाऱ्या कोडलाही तो लागू होतो. लिनक्समध्ये डिस्ककडे निघालेली पानं वाटेत अडवून रॅममध्येच दाबून ठेवणारी मॉड्यूल आली. आधी अट अशी होती की मॉड्यूल स्वॅप चालू होण्यापूर्वीच हजर हवं. उशिरा लोड केलं तर कुठले स्वॅप चालू आहेत हे त्याला कळणार कसं? २०१३ च्या बदलानंतर कर्नल चालू स्वॅपची नोंद ठेवू लागला आणि मॉड्यूल आलं की त्याची त्यांच्याशी गाठ घालून देऊ लागला. आधीच डिस्कवर गेलेली पानं तिथूनच वाचायची, नवी मॉड्यूलकडे द्यायची. पुढे २०२३ मध्ये झेडस्वॅपचंही तसंच केलं. ते कर्नलमध्ये असूनही बंद असेल तर उगाच मेमरी अडवायची नाही, सुरू केल्यावरच तयारी करायची. जुन्या फोनमध्ये किंवा ५१२ एमबीच्या बोर्डावर असा थोडा थोडा वाचलेला भागही कामाला येतो.

किलबर्न यांनी १९६४ मध्ये मँचेस्टरला कॉम्प्युटर सायन्सचा वेगळा विभाग सुरू केला, १९६५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९८१ मध्ये निवृत्त झाले. ॲटलासनंतर त्यांनी एमयू५ हे मशीनही उभं केलं. विल्यम्स १९७७ मध्येच गेले होते. जून १९९८ मध्ये बेबीला ५० वर्षं झाली तेव्हा तिची हुबेहूब प्रतिकृती बनवली गेली आणि ती चालवायला किलबर्न आणि टूटिल दोघेही हजर होते. १७ जानेवारी २००१ ला मँचेस्टरमध्येच किलबर्न यांचं निधन झालं. कॉम्प्युटर सायन्स विभाग आज ज्या इमारतीत आहे, तिला त्यांचंच नाव आहे.