वाकडा हात, सरळ माणूस : कार्ल हबेल

अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासात काही खेळाडूंना त्यांच्या ज्या अस्त्राने कीर्ती दिली, त्याच अस्त्राने त्यांची किंमतही वसूल केली. न्यूयॉर्क जायंट्स संघाचा डावखुरा पिचर कार्ल हबेल हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२२ जून १९०३ रोजी मिसुरी राज्यातील कार्थेज येथे जन्मलेला हबेल ओक्लाहोमातील मीकर गावी शेतीच्या वातावरणात वाढला. 'स्क्रूबॉल' हा चेंडू त्याने तेथील छोट्या संघांत असतानाच आत्मसात केला. नेहमीच्या वळणाच्या नेमका उलट जाणारा हा चेंडू. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे, तर लेगस्पिनरच्या भात्यातील गुगलीशी त्याचे नाते जुळते. मात्र तो टाकताना मनगट आणि कोपराखालचा हात आतल्या दिशेला जोराने पिळावा लागे. हात निकामी होईल, या भीतीने डेट्रॉइट टायगर्स संघाने त्याला हा चेंडू टाकण्यास मनाई केली. चेंडू हरवला आणि हबेलचा प्रभावही ओसरला. टेक्सासमधील ब्यूमाँट संघात येताच त्याने स्क्रूबॉल पुन्हा हाती घेतला आणि १९२८ मध्ये जायंट्सने त्याला करारबद्ध केले.

पुढे विक्रमांची रांगच लागली. २ जुलै १९३३ रोजी सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध तब्बल १८ डाव एकट्याने टाकून त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव करू दिली नाही. जायंट्सने तो सामना १-० असा जिंकला. त्याच वर्षी संघ जागतिक मालिकेचा विजेता ठरला. १९३४ च्या ऑल-स्टार सामन्यात बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, अल सिमन्स आणि जो क्रोनिन या पाच दिग्गजांना त्याने लागोपाठ बाद केले. जुलै १९३६ ते मे १९३७ या काळात तर त्याने सलग २४ विजय मिळविले. १९३३ व १९३६ असा दोनदा तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण हजारो पिळांचा हिशेब शरीर ठेवत होते. १९३८ च्या हंगामात कोपरातील वेदना असह्य झाल्या आणि सांध्यातील हाडाचे सुटे तुकडे शस्त्रक्रियेने काढावे लागले. सलग पाच हंगाम २० हून अधिक विजय मिळविणाऱ्या हबेलला त्यानंतर तो आकडा पुन्हा गाठता आला नाही. तरीही त्याने मैदान सोडले नाही. १९३९ ते १९४२ या चारही हंगामांत त्याने प्रत्येकी ११ विजय मिळविले. वेग आणि धार कमी झाली, तेव्हा अचूकता आणि अनुभव यांवर त्याने ही मजल मारली. त्याचा डावा हात मात्र कायमचा वळला होता. सहज खाली सोडला, तरी तळवा बाहेरच्या बाजूला राही.

१९४३ मध्ये २५३ विजयांनिशी तो निवृत्त झाला. सोळाही हंगाम तो जायंट्सकडूनच खेळला. नंतर १९७७ पर्यंत त्याने याच संघासाठी नवोदित खेळाडू घडविण्याची जबाबदारी सांभाळली. विली मेझ आणि हुआन मारिशाल यांच्यासारखे खेळाडू याच व्यवस्थेतून पुढे आले. १९४७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. मोटार अपघातानंतर २१ नोव्हेंबर १९८८ रोजी ॲरिझोना राज्यात वयाच्या ८५ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

टायगर्सची भीती खरी ठरली, हे मान्य करावे लागेल. पण ती मानून हबेल गप्प बसला असता, तर त्याचा हात शाबूत राहिला असता आणि त्याचे नाव मात्र कोणालाच आठवले नसते.