जाळीआडची ज्योत

ज्याच्या उजेडात काम करायचं तोच दिवा जिवावर उठला तर? दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या कोळसा खाणींत हेच घडत होतं. कोळशातून मिथेन वायू सुटायचा नि उघड्या ज्योतीशी गाठ पडली की भडका! २५ मे १८१२ ला फेलिंगच्या खाणीत ९२ जण गेले. त्यात कोवळी मुलंही होती.

या संकटावर उपाय शोधला हम्फ्री डेव्हीने. जन्म १७७८ चा, पेन्झन्स गावचा. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते १७९४ मध्ये वारले, मागे पाच मुलं. आई ग्रेसने टोप्यांचं दुकान चालवून घर सावरलं. थोरांच्या चरित्रात अशा आया एका ओळीत उरकतात, म्हणून मुद्दाम सांगते. डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करणारा हा मुलगा पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नामवंत शास्त्रज्ञ झाला. १८०७ मध्ये त्याने सोडियम, पोटॅशियम वेगळे केले.

१८१५ मध्ये खाणीतले अपघात रोखू पाहणाऱ्यांनी त्याला साकडं घातलं. तो स्वतः खाणभागात गेला, मग प्रयोगशाळेत बसला. उपाय किती साधा! ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी, आपल्या चहाच्या गाळणीसारखी. हवा आत जाते, उजेड बाहेर येतो. पण ज्योतीची उष्णता धातू शोषून पसरवतो, त्यामुळे बाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापतच नाही. शिवाय वायू वाढला की ज्योतीचा रंग-आकार बदलून आधीच इशारा मिळे. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत दिवा कसोटीला उतरला.

त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सननेही सुरक्षित दिवा बनवला होता. श्रेयावरून बराच वाद रंगला, त्यात डेव्हीचा अहंकारही दिसला. पण त्याने पेटंट घेतलं नाही. लाखमोलाची कमाई सोडली, हे मला मोठं वाटतं.

तरीही अपघात थांबले नाहीत. जाळी फाटली, किंवा वाऱ्याच्या झोतात लाल झाली, की धोका होताच. त्यात दिवा आहे म्हणून मालकांनी जास्त वायूच्या जागीही मजूर उतरवले.

१८२९ मध्ये जिनिव्हात डेव्ही वारला. समाजकार्य करताना मला त्याचा दिवा हेच शिकवतो: साधन हाती दिलं म्हणून जबाबदारी संपत नाही. जाळी शाबूत आहे ना, हे रोज बघणारं कुणीतरी लागतंच.