नामदार गोखले : चूक कबूल करणारा माणूस

बेळगावहून कोल्हापूरला जाताना निपाणी मागे पडली की थोड्याच वेळात कागल येते. नोकरीत असताना आणि नंतरही लग्नकार्यांच्या निमित्ताने या रस्त्याने आम्ही कितीतरी वेळा गेलो. पण नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे शालेय शिक्षण याच कागलमध्ये सुरू झाले, हे आम्हाला फार उशिरा कळले. १९ फेब्रुवारी ही त्यांची पुण्यतिथी. त्याच तारखेला महाराष्ट्रात शिवजयंती साजरी होते, त्यामुळे गोखल्यांची आठवण मागे राहते. म्हणून आपल्या मंडळाच्या सभासदांसाठी हा लहानसा परिचय.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडले, पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. सात रुपयांत स्वतःचा संसार आणि आठ रुपये भावाला, हा हिशेब आम्हा बँकवाल्यांना फार काही सांगून जातो.

शाळेतली एक गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. घरी करायला दिलेली सगळी गणिते एकट्या गोपाळची बरोबर आली, म्हणून गुरुजींनी त्याला पहिल्या नंबरावर बसायला सांगितले. तो जागचा हलेना आणि रडू लागला. त्यांतले एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. ही गोष्ट परंपरेने सांगितली जाते. पण पुढचे आयुष्य पाहिले की ती याच मुलाची असणार असे वाटते.

१८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्या काळी अठरा वर्षांच्या पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळाली असती. गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि १९०२ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात शिकवत राहिले. इंग्रजी, गणित, इतिहास, ज्या विषयाला प्राध्यापक नसेल तो विषय ते घेत. सुट्टी लागली की कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी मागत गावोगाव फिरत.

सहकाऱ्यांशी मतभेद त्यांच्याही वाट्याला आले, आणि तेही लहान माणसांशी नव्हे. आजीव सभासदांनी बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, यावर सोसायटीत वाद झाला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, ते निमित्त झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. गोखले आगरकरांच्या बाजूचे होते आणि त्यांच्या सुधारकाची इंग्रजी बाजू सांभाळत. दुसरीकडे न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांचे राजकारणाचे शिक्षण चालू होते. रानडे मजकूर पुन्हापुन्हा लिहायला लावत, आकडे तपासायला लावत. शब्द तोलून वापरायची सवय तिथे लागली.

आणि अशा माणसाच्या हातून एक मोठी चूक झाली.

१८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले. साक्ष उत्तम झाली, नाव झाले. त्याच वेळी पुण्यात प्लेगने कहर केला होता आणि घरांच्या झडतीसाठी गोरे सैनिक लावले होते. पुण्यातील स्नेह्यांची पत्रे गोखल्यांना येत होती. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर त्यांत होता. गोखल्यांनी तो इंग्लंडमधील वर्तमानपत्रात जाहीर केला. पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि मुंबई सरकारने पुरावा मागितला.

पुराव्याला कोणीही पुढे येईना. रँडसाहेबाच्या खुनाने पुण्यात धरपकड चालू होती, टिळकांना अटक झाली होती. अशा वेळी पत्र लिहिणाऱ्याचे नाव उघड होणे म्हणजे त्या माणसाचे वाटोळे. गोखल्यांची बोट मुंबईला लागली तेव्हा पोलीस अधिकारी आधीच बोटीवर चढले. पण पत्रलेखकांपैकी एकाचेही नाव गोखल्यांनी दिले नाही. सिद्ध न करता येणारे विधान आपण केले, ही आपली चूक, असे मानून त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली.

स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरवले. वर्तमानपत्रांनी झोडपले. तोपर्यंत कमावलेले सगळे गेले असे वाटण्याजोगी ती वेळ होती. पुढे प्लेग पुन्हा आला तेव्हा हेच गोखले स्वयंसेवक जमवून रोग्यांच्या सेवेला लागले. पाचच वर्षांत, १९०२ मध्ये, ते मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. त्यांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांतल्या आकड्यांकडे सरकारलाही दुर्लक्ष करता येत नसे.

हे वाचताना आम्हाला आमचाच एक दिवस आठवतो. एका शाखेत चुकीच्या खात्यात रक्कम जमा झाली होती. नोंद नव्या कारकुनाची, पण व्हाउचरवर तपासल्याची सही आमची. तपासणी अधिकाऱ्याने विचारले तेव्हा आमच्या तोंडून पटकन त्या मुलाचे नाव निघाले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सही आमची, जबाबदारी आमची, असे लिहून दिले. मेमो मिळाला. तो मुलगा काही बोलला नाही, पण त्यानंतर शाखेत कोणी आमच्यापासून चूक लपवली नाही.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देश प्रथम, स्वतःचा लाभ नको, या त्यांत होत्याच. पण कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही, अशीही एक प्रतिज्ञा होती. मतभेदांना तिथे बंदी नव्हती. वैराला होती. पंधरा-वीस वर्षे पुण्यातले तंटे सोसलेल्या माणसालाच ही प्रतिज्ञा सुचणार.

१९१५ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोखले गेले. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते पुण्याला आले आणि स्मशानात आयुष्यभराच्या या प्रतिस्पर्ध्याच्या देशसेवेचा त्यांनी गौरव केला. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानत. त्याच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९२४ मध्ये आपल्या बेळगावात, आजच्या टिळकवाडीत, काँग्रेसचे अधिवेशन भरले.

आपले मंडळ लहान आहे. पण हिशेबावरून, हॉलच्या भाड्यावरून, निमंत्रणपत्रिकेतल्या नावांवरून आपल्यातही शब्दाला शब्द लागतो. चूक आपली असेल तर ती आपल्या नावावर घ्यावी, आणि वाद झाला तरी बैठक संपल्यावर चहा एकत्र घ्यावा, एवढे आपल्याला जमण्यासारखे आहे. पुढच्या वेळी कोल्हापूरला जाताना कागल आले की मुलानातवंडांना ही गोष्ट जरूर सांगा.