रंगांधळेपणाने यंत्रांकडे वळलेले लक्ष्मणराव
लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला तो चित्रकार व्हायला. प्रवेश मिळून दोन वर्षे झाल्यावर कळले, की काही रंगांतला फरक त्याला दिसतच नाही.

रंगांधळेपणा बहुधा जन्मजात असतो. लाल-हिरव्याच्या नेहमीच्या प्रकारातला दोष एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषांत एक्स एकच, म्हणून मुलांमध्ये तो जास्त आढळतो. ज्याला आहे त्याला तो बरेचदा जाणवतही नाही. आजही कित्येकांना प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीतच पत्ता लागतो, आणि तोवर सगळे बेत ठरलेले असतात.

लक्ष्मणरावांचे रेखाटन मात्र पक्के होते. ते यंत्ररेखन शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्याच कार्यशाळेत यंत्रे हाताळू लागले. पुढे बढतीत डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पडले. मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे गेली.